प्रशस्त एक्झिक्युटिव्ह सेडानचे मूल्यमापन : काटकसरी ग्राहकाच्या दृष्टिकोनातून एक विवेचन

प्रस्तावना :

घर, मुलांचे शिक्षण आणि विवाह यांच्या खालोखाल मध्यमवर्गीय कुटुंबाचा सर्वांत मोठा खर्च मोटारीवर होतो. घराची किंमत काळानुसार बहुधा वाढते आणि शिक्षणावरील खर्च उत्पन्नाच्या रूपाने परत येतो. मोटार मात्र वितरकाच्या दालनातून बाहेर पडल्या दिवसापासून मूल्य गमावू लागते. असे असूनही मोटारीची निवड करताना होणारी चर्चा बहुतांशी 'ॲव्हरेज किती?' आणि 'हप्ता किती?' या दोन प्रश्नांपुरती मर्यादित राहते. सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेला किंवा आयुष्यभर लहान गाडी वापरून आता वृद्ध आई-वडील व वाढलेले कुटुंब यांच्यासाठी मोठी गाडी घेऊ पाहणारा नोकरदार अशा वेळी भविष्य निर्वाह निधीतील रकमेला हात घालतो. त्यामुळे हा निर्णय केवळ हौसेचा राहत नाही. तो कुटुंबाच्या आर्थिक सुरक्षिततेशी जोडला जातो.

प्रस्तुत लेखात 'एक्झिक्युटिव्ह सेडान' या वर्गातील मोटारीचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, याचे विवेचन केले आहे. उदाहरणादाखल स्कोडा सुपर्ब या मोटारीची निवड केली आहे. ही मोटार दीर्घकाळ महाराष्ट्रात जोडली जात असे, हे या निवडीचे एक कारण होय. आतील जागेसाठी ती विशेष ओळखली जाते, हे दुसरे कारण.

पार्श्वभूमी :

'सुपर्ब' हे नाव स्कोडा कंपनीने १९३४ साली प्रथम वापरले. १९९१ पासून कंपनीची फोक्सवॅगन समूहाशी भागीदारी सुरू झाली आणि २००१ साली हे नाव नव्या मोटारीसाठी पुन्हा वापरात आले. त्याच वर्षी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जवळील शेंद्रा येथील प्रकल्पातून ऑक्टाव्हिया भारतीय बाजारात आली. सुपर्बची दुसरी पिढी भारतात २००९ साली आणि तिसरी पिढी २०१६ साली दाखल झाली. मे २०२० मध्ये तिसऱ्या पिढीची सुधारित आवृत्ती केवळ पेट्रोल इंजिनासह २९.९९ लाख रुपये या प्रारंभिक शोरूम किमतीस सादर झाली. प्रदूषणविषयक नियमांचा पुढील टप्पा एप्रिल २०२३ पासून लागू झाला आणि त्या सुमारास तिची विक्री थांबली. एप्रिल २०२४ मध्ये ती पुन्हा आली. मात्र पूर्णतः आयात केलेल्या केवळ १०० गाड्यांच्या स्वरूपात आणि ५४ लाख रुपये किमतीस.

चार वर्षांत जवळजवळ त्याच आकाराच्या मोटारीची किंमत ३० लाखांवरून ५४ लाखांवर गेली. यामागील प्रमुख कारण गुणवत्तेतील फरक हे नसून देशात जोडणी आणि पूर्ण आयात यांवरील करांतील तफावत हे आहे. मोटारीची किंमत आणि तिचे मोल या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

जागेचे मूल्य :

एक्झिक्युटिव्ह सेडान घेण्यामागील मुख्य युक्तिवाद जागेचा असतो. म्हणून जागा प्रत्यक्ष मोजूनच तिचा विचार करणे इष्ट ठरते. तिसऱ्या पिढीच्या सुधारित सुपर्बची लांबी ४,८६९ मि.मी., रुंदी १,८६४ मि.मी., पुढील व मागील चाकांच्या आसांमधील अंतर २,८४१ मि.मी. आणि डिकीची क्षमता ६२५ लिटर आहे. याच कंपनीच्या मध्यम आकाराच्या स्लाव्हिया या मोटारीची लांबी ४,५४१ मि.मी., रुंदी १,७५२ मि.मी., आसांमधील अंतर २,६५१ मि.मी. आणि डिकी ५२१ लिटर आहे.

मागील आसनावर गुडघ्यांसमोर किती जागा राहील, हे मुख्यतः आसांमधील अंतरावर अवलंबून असते. येथे तो फरक १९० मि.मी. म्हणजे सुमारे एका वितीचा आहे. रुंदीतील ११२ मि.मी.चा फरक मागे तीन प्रौढ व्यक्ती बसल्यावर जाणवतो. सुपर्बची डिकी मागील काचेसह वर उघडते. त्यामुळे घडीची चाकांची खुर्ची किंवा मोठी पेटी ठेवणे सुलभ होते.

या जागेची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. सोसायटीतील वाहनतळाची रुंदी अडीच मीटर असेल, तर ही मोटार मध्यभागी उभी केल्यावर दोन्ही बाजूंना जेमतेम ३२ सें.मी. अंतर उरते. एवढ्या अंतरात दार पुरेसे उघडत नाही. तसेच सेडानचे आसन जमिनीपासून कमी उंचीवर असते. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना आत बसल्यावर आराम मिळतो. मात्र बसताना आणि उठताना त्रास होतो. ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची, त्यांनाच दोन-तीन वेळा आत-बाहेर करावयास सांगणे ही सर्वांत साधी आणि सर्वांत उपयुक्त चाचणी होय. लांब गाडीचा तळ उंच गतिरोधकांवर घासण्याची शक्यता असते, हेही ग्रामीण व निमशहरी भागातील ग्राहकाने विचारात घ्यावे.

कर आणि घसारा :

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उपकर वाढविण्यात आल्यानंतर चार मीटरहून लांब व १,५०० सी.सी.हून मोठ्या इंजिनाच्या सेडानवर एकूण ४८ टक्के भार पडत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर रद्द होऊन हा दर ४० टक्के झाला. यावर राज्याचा एकरकमी वाहन कर वेगळा द्यावा लागतो. वैयक्तिक मालकीच्या महागड्या पेट्रोल मोटारीस महाराष्ट्रात तो १३ टक्क्यांच्या घरात जातो. करांपोटी दिलेली ही रक्कम मोटार विकताना वेगळी परत मिळत नाही.

घसाऱ्याचा अंदाज घेण्यासाठी ग्राहकाच्या हाती एक अधिकृत साधन आहे. विमा पॉलिसीतील घोषित मूल्य, म्हणजेच 'आयडीव्ही', ठरविण्यासाठी घसाऱ्याची श्रेणी निश्चित केलेली आहे. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २० टक्के, तीन वर्षांपर्यंत ३० टक्के, चार वर्षांपर्यंत ४० टक्के आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के अशी ती श्रेणी आहे. ३० लाखांची मोटार या हिशेबाने पाचव्या वर्षी १५ लाखांवर येते. प्रत्यक्ष बाजारभाव मागणीनुसार याहून कमी-अधिक असतो. तथापि सौदा करताना आधारभूत आकडा म्हणून ही श्रेणी उपयोगी पडते.

तुलनात्मक हिशेब :

खालील हिशेब उदाहरणादाखल असून त्यातील गृहीतके प्रत्येकाने आपल्या परिस्थितीनुसार बदलून घ्यावीत. वार्षिक वापर १०,००० कि.मी., पाच वर्षांत मूल्य निम्मे होणे, गुंतविलेल्या रकमेवरील बुडालेले व्याज ७ टक्के आणि पेट्रोलचा दर लिटरला १०५ रुपये, असे येथे गृहीत धरले आहे.

पहिला पर्याय, ३० लाखांची नवी एक्झिक्युटिव्ह सेडान. वार्षिक घसारा ३ लाख, १३ टक्के वाहन कराचा पाच वर्षांत विभागलेला वाटा ७८ हजार आणि व्याज २.१० लाख, एकूण ५.८८ लाख रुपये.

दुसरा पर्याय, तीच मोटार पाच वर्षांची जुनी, १५ लाखांस. घसारा १.५० लाख, व्याज १.०५ लाख आणि जादा दुरुस्तीसाठी राखून ठेवलेले १ लाख, एकूण ३.५५ लाख रुपये.

तिसरा पर्याय, १५ लाखांची नवी मध्यम सेडान. घसारा १.५० लाख, १२ टक्के वाहन कराचा वाटा ३६ हजार आणि व्याज १.०५ लाख, एकूण २.९१ लाख रुपये.

आता इंधनाचा विचार करू. मोठी मोटार लिटरला १२ कि.मी. आणि मध्यम मोटार १६ कि.मी. धावते असे धरल्यास वार्षिक खर्च अनुक्रमे ८७,५०० आणि ६५,६२५ रुपये येतो. फरक २१,८७५ रुपयांचा आहे. म्हणजे ज्या 'ॲव्हरेज'वर एवढी चर्चा होते, त्यातील फरक नव्या मोठ्या मोटारीच्या वार्षिक घसाऱ्याच्या सुमारे चौदाव्या हिश्शाइतकाच भरतो. नव्या मोटारीत किलोमीटरमागे घसारा ३० रुपये पडतो, तर इंधन पावणेनऊ रुपयांचे लागते. वापर जितका कमी, तितका घसाऱ्याचा किलोमीटरमागील भार अधिक.

तृतीय पक्ष विम्याचा मूळ हप्ता १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,५०० सी.सी.हून मोठ्या मोटारीस ७,८९७ रुपये आणि १,००० ते १,५०० सी.सी. गटास ३,४१६ रुपये आहे. हा फरक व इंधनातील फरक मिळवला असता, दुसरा पर्याय तिसऱ्यापेक्षा वर्षाला सुमारे ९० हजार रुपयांनी, म्हणजे महिन्याला साधारण साडेसात हजारांनी महाग पडतो. जुन्या मोठ्या गाडीतील प्रशस्त जागेचे हे खरे मासिक भाडे होय. खरेदीची किंमत १५ लाखांहून जेवढ्या लाखांनी अधिक, तेवढे १७ हजार रुपये (घसारा १० हजार व व्याज ७ हजार) या वार्षिक खर्चात मिळवावे लागतात. २० लाखांस सौदा झाल्यास हा फरक पावणेदोन लाखांच्या घरात जातो.

तांत्रिक जोखीम :

दुसऱ्या पर्यायात दुरुस्तीसाठी धरलेले एक लाख रुपये हा या हिशेबाचा सर्वांत अनिश्चित भाग आहे. २०१६ च्या सुपर्बमधील १.८ लिटर पेट्रोल इंजिन मानवी गिअरसह ३२० न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. सात टप्प्यांच्या स्वयंचलित गिअरसह मात्र तो २५० वर मर्यादित ठेवला होता. त्या गिअरपेटीतील कोरड्या दुहेरी क्लचची भार पेलण्याची मर्यादा हे त्याचे कारण. गर्दीत सतत थांबत-सरकत चालणाऱ्या वाहतुकीत कोरडा क्लच अधिक तापतो. तेलात बुडालेला क्लच उष्णता सहज बाहेर टाकतो. परंतु त्याचे तेल ठरावीक अंतरानंतर बदलावे लागते. याउलट टोयोटा कॅमरीच्या संकरित प्रणालीत असा घर्षण-क्लच नसतो. शहरी वाहतुकीत तिला इंधनही कमी लागते. जुन्या संकरित गाडीत मात्र बॅटरीची स्थिती आणि तिच्या हमीची उरलेली मुदत तपासावी लागते.

२०२५ साली देशभर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल रूढ झाले. इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असल्याने लिटरमागील अंतर काहीसे घटते. २०२३ पूर्वीची मोटार घेताना तिच्या इंधन नळ्या व रबरी भाग या मिश्रणास योग्य आहेत काय, याची उत्पादकाच्या पुस्तिकेवरून खात्री करावी.

जुनी मोटार घेताना सर्व्हिसची लेखी नोंद, नोंदणी पुस्तकावरील कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला आणि विमा दाव्यांचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे. २०१९ च्या महापुरात सांगली व कोल्हापूर परिसरात अनेक वाहने पाण्याखाली गेली होती. अशी गाडी ओळखण्यासाठी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्यावर गाळाच्या खुणा आहेत काय ते पाहावे. जादा चाकाखालील खोबण आणि आसनांखालील लोखंडी पट्ट्यांवरील गंज तपासावा. टायरवरील चार अंकी खुणेवरून त्याच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष कळते.

सौद्याची शक्ती :

किंमत ही अंतिम नसते, याचे एक ठळक उदाहरण शेंद्र्याजवळच घडले. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद येथील उद्योजक व व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज मोटारी एकाच वेळी घेतल्या. सामूहिक मागणीमुळे विक्रेता आणि बँक या दोघांशीही वाटाघाट करता येते, हा त्यातील बोध आहे. वर्षअखेरीस शिल्लक राहिलेल्या गाड्या, जुन्या पॉलिसीवरील 'नो क्लेम बोनस' नव्या गाडीस लावून घेणे आणि विमा बाहेरून घेण्याचा हक्क बजावणे हे एकट्या ग्राहकासही शक्य असणारे मार्ग आहेत.

निष्कर्ष :

१. एक्झिक्युटिव्ह सेडानच्या खर्चात इंधनापेक्षा घसारा, कर व बुडालेले व्याज यांचा वाटा कितीतरी अधिक असतो.

२. काटकसरी ग्राहकास या वर्गातील नवी मोटार क्वचितच परवडते. पहिल्या मालकाने घसारा सोसलेली चार-पाच वर्षांची मोटार तुलनेने श्रेयस्कर ठरते.

३. जुनी मोठी मोटारही नव्या मध्यम मोटारीहून स्वस्त पडत नाही. दोहोंतील फरक हे जागेचे भाडे समजून, ती जागा वर्षातून किती दिवस खरोखर वापरली जाईल, हे ठरवावे. आठवड्यातून दोनदा पाच जणांचा प्रवास असेल तर हे भाडे सार्थ आहे. वर्षातून दोनदा गावी जाण्यापुरता असेल तर त्या दिवसांसाठी भाड्याची गाडी घेणे शहाणपणाचे.

४. दुरुस्तीसाठीची रक्कम खरेदीच्या दिवशीच वेगळी ठेवता येत नसेल, तर ती मोटार आपल्या आवाक्यात नाही असे समजावे. निवृत्तीची पुंजी मोडून घेतलेली प्रशस्त गाडी दारात उभी राहते. परंतु आजारपणाच्या वेळी तिची अर्धीच किंमत हाती येते, हे भान निर्णयापूर्वी असणे आवश्यक आहे.