'कासव', 'गाभ्रीचा पाऊस' आणि आमची रूम

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय आहे मन आजारी पडणं आणि त्यातून बरं होणं दाखवणारे सिनेमे. हिंदीत बहुतेक वेळा काय होतं? एक स्मार्ट डॉक्टर, दोन-चार डायलॉग, पेशंट ढसाढसा रडतो आणि झाला बरा! सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीने मराठीत असं केलं नाही. त्यांच्या 'देवराई'त (२००४) अतुल कुलकर्णीच्या शेषला स्किझोफ्रेनिया आहे. आपल्याकडे अशा माणसाला 'वेडा' म्हणून मोकळे होतात. इथे बहीण त्याला डॉक्टरकडे नेते, औषधं सुरू होतात, आणि घरच्यांची किती दमछाक होते तेही दिसतं.

पण माझा आवडता 'कासव' (२०१६). याला राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं. जीव द्यायला निघालेला एक मुलगा (आलोक राजवाडे) जानकी नावाच्या अनोळखी बाईच्या (इरावती हर्षे) घरी येऊन पडतो. ती स्वतः डिप्रेशनमधून गेलेली. म्हणूनच ती त्याला खोदून काही विचारत नाही. खायला देते, राहू देते. तिकडे किनाऱ्यावर कासवांची अंडी जपण्याचं काम चालू असतं. कोकणात हे खरंच करतात. अंड्यांभोवती जाळी लावून कुत्र्या-कोल्ह्यांपासून राखण करायची, पण पिल्लू बाहेर आलं की समुद्रापर्यंत त्याने स्वतःच चालायचं. उचलून पाण्यात टाकायचं नाही.

आता आपल्या विदर्भाचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९), दिग्दर्शक सतीश मनवर. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलका (सोनाली कुलकर्णी) घाबरते. नवऱ्यामागे पोराला पाळतीवर लावते, गोडधोड करून घालते. आपण हसतो, पण यवतमाळात राहणाऱ्याला ते हसू जड जातं. एवढ्या सगळ्यात तिच्या मनातली भीती ती त्याच्याशी उघड बोलतच नाही.

मी नेमकी अलकाच झाले होते. (पार्टनरला विचारूनच लिहितेय.) रिझल्टनंतर ती मेसला येईना, दिवसभर पांघरूण डोक्यावर. मी जिलेबी आणली, 'बी पॉझिटिव्ह' म्हटलं, बाथरूमपर्यंत मागे गेले. ती वैतागली, "पोलीस हायेस का तू?" मग मी गप्प तिच्या पलंगाजवळ बसून जर्नल लिहू लागले. तिसऱ्या रात्री सरळ विचारलं, "मरायचे विचार येऊन रायले का?" असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात विचार घुसत नाही, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. ती "हो" म्हणाली. त्याच रात्री आम्ही १४४१६ लावला. ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मग तिच्या घरी कळवलं आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला.

गोळ्या अजून चालू आहेत, दोन बॅकही आहेत. परवा तिला 'कासव' दाखवला. म्हणाली, "लयच स्लो आहे बे," आणि इंटरव्हलच्या आधीच झोपली.