पिसाच्या मनोऱ्याचा केसपेपर

इटलीतील पिसाचा कलता मनोरा जगप्रसिद्ध झाला तो त्याच्या दोषामुळे. तो पाहताना मला मात्र राहून राहून आपल्याच व्यवसायाची आठवण होत होती. कारण त्याचा इतिहास एखाद्या जुनाट रुग्णाच्या केसपेपरसारखा आहे.

व्याधी जन्मजात. ११७३ साली मऊ चिकणमातीत जेमतेम तीन मीटर खोल पाया घातला गेला. चौथ्या मजल्याच्या सुमारास काम थांबले, ते जवळजवळ शंभर वर्षे बंद राहिले. हा खंडच मनोऱ्याच्या पथ्यावर पडला. तेवढ्या काळात खालची माती दबून घट्ट झाली. काम सलग चालते, तर मनोरा तेव्हाच कोसळला असता, असे तज्ज्ञ मानतात.

पुढे उपचारांनीच व्याधी बळावली. १८३८ साली जमिनीत रुतलेला पायथा दिसावा म्हणून भोवतीची माती खणली. खड्ड्यात पाणी शिरले आणि मनोरा आणखी झुकला. १९३४ साली पायात सिमेंट भरले, कल वाढलाच. उपचारजन्य विकाराची याहून बोलकी उदाहरणे कोणती?

१९८९ साली पाविया येथील जुना मनोरा कोसळून चार जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर जानेवारी १९९० मध्ये पिसाचा मनोरा पर्यटकांसाठी बंद झाला. तज्ज्ञ समितीने १९९३ मध्ये उत्तरेकडील पायावर सुमारे ६०० टन शिसे ठेवले. रुग्ण स्थिरावला. पण १९९५ मध्ये पुढील कामासाठी द्रवरूप नायट्रोजनने जमीन गोठवताच मनोरा पुन्हा दक्षिणेकडे सरकू लागला. काम तातडीने थांबवून शिशाचा भार वाढवावा लागला.

अखेर गुण आला तो अगदी सौम्य उपायाने. झुकलेली बाजू उचलण्याऐवजी उत्तरेकडील पायाखालून नळ्यांच्या साहाय्याने थोडी थोडी माती काढण्यात आली. आधी मोजमाप, मगच पुढचे पाऊल. २००१ पर्यंत कल सुमारे अर्ध्या अंशाने घटला, माथा जवळजवळ ४५ सेंटीमीटर मागे आला आणि त्या डिसेंबरात मनोरा पुन्हा खुला झाला.

तो सरळ करण्याचा हट्ट समितीने धरला नाही, याचे मला विशेष कौतुक वाटते. वयोवृद्ध रुग्णाचे नातेवाईक ‘डॉक्टर, हे पूर्ण बरे होतील ना?’ असे विचारतात, तेव्हा प्रत्येक तपासणीचा आकडा नॉर्मल करण्याचा मोह आपल्यालाही होतो. अर्ध्या अंशाचा उतार पुरेसा आहे, हे ओळखायला अनुभव लागतो आणि ते नातेवाइकांना समजावून सांगायला धीर.