अरबी शिकायला परदेशी जायचे? आधी हिशेब मांडा

कोरेगाव, रहिमतपूर, सातारा आणि खाली सांगली-मिरजेपर्यंतच्या आपल्या वस्त्यांतून आमच्याकडे एक प्रश्न वारंवार येतो. मुलगा दहावी-बारावी झाला आहे, कुरआन शरीफ नाजरा पूर्ण आहे, दुकानात किंवा कारखान्यात हाताखाली आहे. त्याला अरबी शिकण्यासाठी बाहेरच्या मुलखात पाठवावे काय? खर्च किती, फायदा कोणता आणि दलाल सांगतो त्यात खरे किती?

बागवान, आतार, कसाब, मणेर, गवंडी किंवा शिंपी घराच्या दृष्टीने हा प्रश्न लहान नाही. कित्येकदा दुकानाचे भांडवल किंवा आईचे दागिने यात पणाला लागतात आणि मुलाच्या उमेदीची दोन-तीन वर्षे जातात. म्हणून या विषयाचा हिशेब व्यापारी पद्धतीने, जमा आणि खर्चाच्या दोन्ही बाजू पाहून मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आपल्याजवळ आधीच काय जमा आहे?

जमेची बाजू आपल्याला वाटते त्यापेक्षा मोठी आहे. अरबीची २८ अक्षरे मकतबात शिकलेल्या मुलाला लहानपणापासून ओळखीची असतात. तजवीदमुळे 'ऐन', 'हे', 'काफ' यांचे उच्चार त्याच्या जिभेवर बसलेले असतात. युरोपातून काहिरा किंवा ट्युनिसला अरबी शिकायला येणारा विद्यार्थी पहिले काही आठवडे याच गोष्टींवर खर्च करतो. आपल्या मुलाकडे वाचन आहे, अर्थ नाही. उणीव तेवढीच आहे.

दुसरी जमा म्हणजे आपली रोजची मराठी. हिशेब, वसूल, जमा, नफा, किंमत, दुकान, दलाल, मुदत, शर्त, जामीन, रहन, तारीख, हवाला हे सगळे शब्द मुळात अरबी आहेत. आतार म्हणजे अत्तारविक्या आणि कसाब म्हणजे मांसविक्रेता, ही आपल्या बिरादऱ्यांची नावेही अरबीच. रहिमतपूरच्या नावातली 'रहमत' तीच.

मात्र याच ठिकाणी व्यापाऱ्याने सावध राहिले पाहिजे, कारण काही शब्दांचे अर्थ प्रवासात बदलले आहेत. आपल्याकडे वकील म्हणजे कोर्टात उभा राहणारा. अरबी करारात 'वकील' म्हणजे मालकाच्या वतीने व्यवहार करणारा प्रतिनिधी, अधिकृत एजंट. कोर्टातल्या वकिलाला तेथे 'मुहामी' म्हणतात. आपली 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणे, त्यांची 'तकरार' म्हणजे पुन्हा तेच करणे. आपला गरीब म्हणजे निर्धन, त्यांचा 'गरीब' म्हणजे परका, अनोळखी. शब्द ओळखीचा वाटला म्हणून सही करणे धोक्याचे ठरते.

आकड्यांचे तर विचारूच नका. मिसर आणि आखाती देशांत जे अंक लिहिले जातात त्यांत पाचाचा आकडा आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता एक ठिपका. तेथील पावतीवर एक गोल व त्यापुढे दोन ठिपके दिसले तर ती रक्कम पाचशे होय. न शिकलेला माणूस ती शून्य समजून बाजूला सारेल. मोरोक्को, ट्युनिशियाकडे मात्र इंग्रजीसारखेच आकडे चालतात.

अरबी एक, बोली अनेक

अरब लीगचे सदस्य देश २२ आहेत. या सर्व देशांत लिहिण्याची, वर्तमानपत्रांची, करारांची आणि खुतब्याची भाषा एकच आहे. तिला 'फुसहा' म्हणतात. घरात व बाजारात बोलतात ती 'आम्मिया', म्हणजे बोली. 'तुला काय हवे?' हे पुस्तकात 'माजा तुरीद?' असे असते. आखातात 'एश तब्गा?' असे विचारतील, तर काहिऱ्यात 'आयिज एह?'. आपल्या ग्रांथिक आणि गावच्या मराठीत अंतर असते, पण हे अंतर त्याहून बरेच मोठे आहे.

मदरशात वर्षानुवर्षे शिकलेला आलिम जिद्दाहच्या बाजारात अडखळतो आणि दहा वर्षे दम्मामला काम केलेला सुतार फाडफाड बोलतो पण स्वतःचा करार वाचू शकत नाही, याचे कारण हेच. परदेशी जाण्यापूर्वी ठरवा, आपल्याला यातले कोणते हवे आहे?

कोणाला किती अरबी लागते?

आम्ही याचे चार भाग पाडतो.

पहिला, आखातात मजुरीला जाणारा कारागीर: गवंडी, वेल्डर, सुतार, शिंपी. याला परदेशी भाषा-विद्यालयाची मुळीच गरज नाही. त्याला आकडे, हत्यारांची नावे, वेळ, पगार आणि इकामा म्हणजे राहण्याचा परवाना यांविषयीचे दोन-अडीचशे शब्द पुरतात. पण करार समजलाच पाहिजे. सौदी अरबस्तानच्या कामगार कायद्यानुसार करार अरबीत असतो. सोबत दुसऱ्या भाषेतील मजकूर असला तरी वाद झाल्यास अरबी मजकूरच ग्राह्य धरतात. अबूधाबीने २०१९ मध्ये कामगार खटल्यांसाठी अरबी व इंग्रजीबरोबर हिंदीला न्यायालयाची तिसरी भाषा केली. ही सोय मोठी आहे, पण ती भांडण कोर्टात गेल्यानंतरची. सहीच्या वेळी पगाराचा आकडा, मुदत आणि परतीचे तिकीट या तीन ओळी स्वतः वाचता आल्या तर तेथवर जाण्याची वेळच सहसा येत नाही.

दुसरा, माल पाठवणारा व्यापारी. कोरेगाव भागातील आले आणि घेवडा, सांगलीची हळद, तासगावकडची द्राक्षे व बेदाणा यांना आखात ही जवळची बाजारपेठ आहे. भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांचा व्यापार करार १ मे २०२२ पासून अमलात आहे. आखाती देशांत खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर अरबी मजकूर लागतो. मालाचे नाव, घटक, वजन, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख त्यात येते. लेबल चुकले तर माल बंदरात अडकतो, आणि नाशवंत मालाचा एक दिवसही महाग पडतो. अशा घरात एकाला तरी फुसहा लिहिता-वाचता आली तर दुसऱ्याने केलेले भाषांतर तपासता येते. त्यासाठी घरी एक वर्ष आणि गरज वाटलीच तर बाहेर सहा महिने, एवढा अभ्यास पुरावा.

तिसरा, ज्याला भाषांतरकार किंवा शिक्षक व्हायचे आहे. याला पदवी पाहिजे. तिची सुरुवात आपल्याच राज्यात होऊ शकते. पुण्याच्या पूना कॉलेजात आणि मुंबई विद्यापीठात अरबीचे शिक्षण मिळते. पुढे हैदराबादची इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ, दिल्लीची जामिया व जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, तसेच अलीगढ येथे उच्च शिक्षणाची सोय आहे. मुलींसाठी भाषांतराचे काम घरी बसूनही होण्यासारखे आहे, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

चौथा, दीनी इल्मची वाट धरणारा. मदीना आणि अजहर यांचा विचार मुख्यतः याच्यासाठी आहे.

बाहेर कोठे जाता येते?

मदीना येथील इस्लामी विद्यापीठ १९६१ मध्ये सुरू झाले. तेथे परदेशी मुलांना शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळतो. शिक्षण व राहणे मोफत असते आणि दरमहा भत्ता मिळतो. पदवीसाठी बारावी उत्तीर्ण आणि वय २५ च्या आत अशी अट असते. ज्याला अरबी येत नाही त्याला आधी भाषा शिकवणाऱ्या विभागात घालतात आणि तो अभ्यास दोन वर्षांपर्यंत चालतो. अर्जासाठी विद्यापीठ पैसे घेत नाही. म्हणून 'मदीनेची सीट काढून देतो' म्हणून रक्कम मागणाऱ्याला दुकानाची पायरी चढू देऊ नये.

मक्केचे उम्मुल-कुरा आणि रियाधचे किंग सऊद विद्यापीठ येथेही अरबेतरांसाठी भाषा विभाग आहेत. मुलींसाठी रियाधला अमीरा नूरा विद्यापीठात अशी सोय आहे. काहिऱ्यात अल-अजहर आहेच. त्याखेरीज तेथील नस्र सिटी भागात खासगी भाषा-केंद्रे पुष्कळ असून ती महिन्याच्या किंवा तासाच्या हिशेबाने शिकवतात. ट्युनिसची बुर्गिबा भाषा संस्था आणि ओमानमधील मनह येथील सुलतान काबूस महाविद्यालय हीदेखील याच कामासाठी आहेत.

पूर्वी कमी खर्चात शिकण्यासाठी दमास्कस, सना आणि खार्टूमचे नाव घेतले जाई. सीरियात २०११ पासून, येमेनमध्ये २०१४ पासून आणि सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून युद्धाने तेथील घडी विस्कटली. या शहरांचे नाव कोणी आज सुचवले तर आधी भारत सरकारची प्रवाससूचना पाहावी.

कागदपत्रे आणि पैसा

सातारा जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतो. पासपोर्टवरील नाव, बापाचे नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी तंतोतंत जुळली पाहिजे. आपल्याकडे शेख-शेक, अत्तार-आतार, मुलाणी-मुल्ला असे फरक कागदोकागदी असतात. ते आधी दुरुस्त करून घ्यावेत. परदेशात त्याच फरकावर प्रवेश अडतो.

दहावी पास असल्यास पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट राहत नाही. म्हणून कोणत्याही मुलाची दहावी अर्धवट सोडवू नये, मग तो हाफिज असो की कारागीर.

गुणपत्रिकांवर राज्य शासनाची व नंतर परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर लागते. ज्या देशांनी अपोस्टिल करार केला आहे तेथे ही एकच मोहोर चालते. भारतात हा करार २००५ पासून लागू आहे आणि सौदी अरबस्तान त्यात २०२२ मध्ये आला. ज्या देशांनी तो केलेला नाही, त्यांच्या दूतावासाचा शिक्का वेगळा घ्यावा लागतो.

खर्च मांडताना फक्त फी पाहू नका. जाण्या-येण्याचे तिकीट, राहणे, जेवण, विमा, निवास परवान्याचे नूतनीकरण आणि मुलगा दुकानात नसल्याने बुडणारी कमाई, असे सहा रकाने आखा. शेवटचा रकाना बहुतेक पालक विसरतात. विद्यार्थी व्हिसावर 'तिकडे काम करून खर्च भागवील' हा हिशेब मांडू नये. परवानगीशिवाय केलेले काम नियमभंग ठरते आणि मुलाला परत पाठवले जाऊ शकते.

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज-सवलत देणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे. तिच्या नावाने कोणी अर्ज भरून घेत असेल तर तो फसवतो आहे. व्याजाचे कर्ज काढून दीनी भाषा शिकणे मनाला पटत नाही, असे अनेक पालक म्हणतात आणि ते योग्यच आहे. गावच्या जमातीने वर्षाला एका होतकरू मुलासाठी कर्ज-ए-हसनाची सोय केली, तर हा प्रश्न घरच्या घरी सुटतो.

घरी एक वर्ष, मग निर्णय

तामिळनाडूतील वाणियमबाडी हे चामडे कमावणाऱ्यांचे गाव. तेथे १९३३ मध्ये जन्मलेले डॉ. व्ही. अब्दुर्रहीम अजहरमध्ये शिकले आणि पुढे मदीना विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना अरबी शिकवू लागले. त्यासाठी त्यांनी तीन भागांचे पाठ्यपुस्तक रचले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले, पण ते पुस्तक आज जगभर 'मदीना बुक' म्हणून चालते. ज्यांची मातृभाषा अरबी नाही, अशा भारतीयाने हे काम केले. आपल्या महाराष्ट्रातही माहीमच्या मखदूम अली माहिमी (१३७२-१४३१) यांनी कुरआनची तफसीर अरबीतच लिहिली. विणकरांच्या भिवंडीत अब्दुस्समद शरफुद्दीन यांनी हदीसशास्त्राचा 'तुहफतुल अशराफ' हा मोठा अरबी ग्रंथ संपादून छापला.

म्हणून आमचा सल्ला असा. हेच तीन भाग आणा. मोहल्ल्यातील आलिमसाहेबांकडे इशाच्या नमाजनंतर रोज एक तास बसवा. पहिला भाग तीन-चार महिन्यांत होतो, तिन्हींना साधारण दीड वर्ष लागते. आलिमसाहेबांना त्यांच्या वेळेचा मोबदला द्या, फुकट शिकवणीला कोणी टिकत नाही. वर्षाच्या शेवटी मुलगा पहिले दोन भाग पुरे करून अरबी वर्तमानपत्रातील एक बातमी शब्दकोश घेऊन समजावू शकला, तर त्याला पाठवण्यात अर्थ आहे. तो मध्येच सोडून बसला, तर घराचे काही लाख वाचले असे समजा. दोन्ही बाजूंनी तोटा नाही.

अगदी पाठवायचे नसले, तरी तो तास वाया जात नाही. कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. आपण ती वर्षानुवर्षे तिलावत करतो आणि दुकानातली उधारी तोंडी ठेवतो. अर्थ कळू लागला तर निदान वही तरी नीट होईल.

अल्लाह आपल्या मुलांच्या इल्ममध्ये आणि आपल्या रोजीत बरकत देवो. आमीन.