शिवणयंत्र : मांडणी व दोरा ओवणे

हाताने शिवताना सुई कापडाच्या एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते; तिच्यामागून सगळा दोराही ओढला जातो. यंत्राची सुई मात्र कापडातून पूर्णपणे पलीकडे कधीच जात नाही. ती खाली उतरते आणि आल्या वाटेने वर येते. असे असूनही तिचा टाका पक्का बसतो. हे कसे घडते, एवढे ज्याला समजले त्याला दोरा ओवण्याच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत, आणि टीप बिघडली म्हणजे दोष कोठे आहे हेही त्याचे त्यालाच शोधता येते.

हातसुईचे नेढे तिच्या मागच्या टोकाला असते. यंत्राच्या सुईचे नेढे अणकुचीदार टोकाजवळ असते. अशा सुईवर आणि दोन दोऱ्यांच्या टाक्यावर आधारलेल्या यंत्राचे पेटंट अमेरिकेतील एलियास हौ यांना १८४६ साली मिळाले. १८५१ साली आयझॅक सिंगर यांनी उभ्या रेषेत वरखाली होणाऱ्या सुईचे यंत्र पुढे आणले. भारतात १९३०च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनियरिंग वर्क्समध्ये ‘उषा’ यंत्रे तयार होऊ लागली. यंत्रयुगावर कठोर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ साली शिवणयंत्राचा अपवाद केला होता. घरात बसून चालवता येणारे व अनेकांना उपजीविका देणारे हे यंत्र आहे. तथापि केवळ दोरा चुकीचा ओवल्यामुळे ते कित्येकदा ‘नादुरुस्त’ ठरून कोपऱ्यात पडून राहते.

टाका कसा पडतो?

यंत्रात दोन दोरे असतात. एक वरच्या रिळावरून सुईत येतो. दुसरा खाली बॉबिनवर गुंडाळलेला असतो. सुई सर्वांत खाली जाऊन किंचित वर येऊ लागली, की तिच्या एका अंगाचा दोरा कापडाशी घासून मागे राहतो व त्याचा लहानसा फासा फुगतो. नेमक्या त्याच क्षणी खालच्या शटलचे टोक त्या फाशात शिरते आणि तो फासा बॉबिनभोवती फिरवून आणते. वरची दांडी लगेच दोरा वर खेचून घेते. दोन्ही दोरे परस्परांत अडकतात आणि हा अडकाव कापडाच्या जाडीच्या मध्यावर बसतो. पुढच्या टाक्यासाठी कापड सरकवण्याचे काम सुईखालचे दाते करतात. ते हाताने ओढण्याची गरज नसते.

यंत्राची मांडणी

यंत्र सपाट व न डुगडुगणाऱ्या टेबलावर ठेवावे. उजेड सुईवर पडेल असे पाहावे. तेलाच्या छिद्रांत शिवणयंत्राचे पातळ तेल एकेक थेंब सोडावे. खाद्यतेल घालू नये, कारण ते कालांतराने चिकट होऊन यंत्र जड चालते. त्यानंतर कापड दाबून धरणारा पाय वर उचलून, दोरा न ओवता, यंत्र थोडा वेळ फिरवावे. पाय खाली असताना कापडावाचून यंत्र चालवले तर दाते झिजतात.

पायाने चालवायच्या यंत्रावर नवशिक्याने प्रथम पावलांची लय साधावी. हातचाकाच्या मध्यभागी असलेला स्क्रू सैल केला की चाक फिरते, पण सुई हलत नाही. याच स्थितीत सराव करावा. चाक नेहमी आपल्याकडे फिरले पाहिजे. पुढे स्क्रू आवळून, दोरा न ओवता, रेघा आखलेल्या कागदावर सुई चालवावी.

सुई बसवणे

घरगुती यंत्राच्या सुईच्या दांड्याची एक बाजू चपटी असते व तिच्या विरुद्ध अंगाला लांब खाच असते. दोरा खाचेच्या बाजूने आत येतो आणि चपट्या बाजूने बाहेर पडतो. फासा याच चपट्या बाजूस तयार होतो. म्हणून ही बाजू शटलच्या टोकाकडे असावी. सुई उलटी बसल्यास फासा टोकाला सापडत नाही व टाके सुटतात. सुई वर टेकेपर्यंत सरकवूनच स्क्रू आवळावा. पातळ कापडास ११, मध्यम कापडास १४ आणि जाड कापडास १६ किंवा १८ क्रमांकाची सुई घ्यावी.

खालचा दोरा

हातचाकाचा स्क्रू सैल करून बॉबिन भरावी. दोरा एकसारखा व घट्ट गुंडाळला जावा. सैल गुंडाळी टाक्यातही सैलपणा आणते. भरलेली बॉबिन केसमध्ये ठेवून दोरा खाचेतून स्प्रिंगखाली सरकवावा. आता केस दोऱ्याने लोंबती धरावी. ती आपल्या वजनाने घसरत खाली जाऊ नये. हलका हिसका दिल्यावर मात्र थोडी उतरावी. असे झाले म्हणजे खालचा ताण योग्य आहे.

वरचा दोरा

सुरुवातीस कापड दाबणारा पाय वर करावा, म्हणजे ताणाच्या चकत्या सैल होतात आणि दोरा त्यांच्या मधोमध बसतो. पाय खाली असताना ओवल्यास दोरा चकत्यांच्या बाहेरच राहण्याचा संभव असतो. वर-खाली होणारी दांडीही सर्वांत वरच्या स्थितीत आणावी. मग रीळ, वाटेतील अडकवण, ताणाच्या चकत्या व त्यांची स्प्रिंग, दांडीचे छिद्र, सुईजवळची अडकवण आणि शेवटी सुईचे नेढे, या क्रमाने दोरा न्यावा.

नंतर वरच्या दोऱ्याचे टोक डाव्या हाताने सैलसर धरून हातचाक एक पूर्ण फेरा फिरवावे. वरचा दोरा ओढताच खालच्या दोऱ्याचा फासा वर येतो. दोन्ही टोके सुमारे १० सेंटिमीटर लांब ठेवून पायाखालून मागे सारावीत.

टिपेची परीक्षा

जे कापड शिवायचे त्याच्याच दुहेरी तुकड्यावर टीप मारून पाहावी. वरचा दोरा एका रंगाचा व खालचा दुसऱ्या रंगाचा घेतल्यास परीक्षा सोपी होते. टीप दोन्ही बाजूंनी सारखी दिसली तर ताण समतोल आहे. वरच्या बाजूस खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसले, तर वरचा ताण अधिक झाला आहे. कापडाच्या खालच्या बाजूस फाशांचा गुंता झाला, तर नवशिका बॉबिनलाच दोष देतो आणि केसचा स्क्रू फिरवू लागतो. वस्तुतः दोष बहुधा वर असतो: वरचा दोरा सैल राहिल्यामुळे खालचा दोरा त्याला आपल्याकडे ओढून घेतो. अशा वेळी स्क्रूला हात न लावता पाय वर करून वरचा दोरा पुन्हा ओवावा. गुंता न थांबल्यासच वरचा ताण थोडा वाढवावा.

वरचा दोरा वारंवार तुटत असेल तर ओवण्याचा क्रम, सुईची दिशा व ताण तपासावा. टाके सुटत असतील तर सुई वाकली आहे काय ते पाहावे. दात्यांखाली व शटलभोवती साचलेली कापडाची तूस कुंचल्याने वरचेवर काढावी. एवढी तपासणी झाल्यावरच यंत्र कारागिराकडे न्यावे. पुष्कळदा तशी वेळच येत नाही.