जालपत्ता वाटप सेवेचे स्थलांतर
संगणकांच्या जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक यंत्रास अंकी पत्ता आपोआप देणारी सेवा जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर नेण्याची क्रिया. ही सेवा ‘डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल’ या नियमसंहितेनुसार चालते. आद्याक्षरांवरून तिला डीएचसीपी म्हणतात. कार्यालय, महाविद्यालय वा रुग्णालय यांतील संगणक, मुद्रक, कॅमेरे व दूरध्वनी सुरू होताच या सेवेकडे पत्ता मागतात. तो मिळेपर्यंत त्यांस जाळ्यातील इतर यंत्रांशी नीट व्यवहार करता येत नाही. सर्व्हर मात्र कायमचा नसतो. यंत्र झिजते, तसेच त्यावरील प्रणालीच्या दोषांची दुरुस्ती निर्माता ठराविक मुदतीनंतर थांबवितो. विंडोज सर्व्हर २००३ चे साहाय्य जुलै २०१५ मध्ये, २००८ चे जानेवारी २०२० मध्ये आणि २०१२ चे ऑक्टोबर २०२३ मध्ये संपले. अशा वेळी सेवा हलविणे अपरिहार्य होते. नव्या यंत्रावर कार्यक्रम बसविणे हे त्यातील सोपे काम होय. जुन्या सर्व्हरने कोणास कोणता पत्ता किती काळासाठी दिला आहे, ही स्मृती नेणे हे खरे काम.

इतिहास : ही अडचण प्रारंभी नव्हती. १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट व जॉन गिलमोर यांनी मांडलेल्या ‘बूटपी’ या पद्धतीत कोणत्या यंत्रास कोणता पत्ता द्यावयाचा याचा तक्ता व्यवस्थापक हाताने भरीत असे. तो तक्ता उतरवून घेतला की सेवा हलली. पुढे यंत्रांची संख्या वाढली, ती येऊ-जाऊ लागली आणि हाताने तक्ता राखणे अशक्य झाले. अमेरिकेतील बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांनी शब्दबद्ध केलेली डीएचसीपी संहिता १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली व तिचे सुधारित रूप मार्च १९९७ मध्ये आले. तिने पत्ता कायमचा न देता मुदतीच्या पट्ट्याने देण्याची सोय केली. त्यामुळे थोडे पत्ते अनेकांस पुरू लागले. पण सर्व्हरला क्षणोक्षणी बदलणारी नोंदवही ठेवणे भाग पडले.

पट्ट्याचे कार्य : नवे यंत्र सर्वांस उद्देशून हाक देते. सर्व्हर एका पत्त्याचा देकार देतो, यंत्र त्याची मागणी नोंदविते व सर्व्हर पोच देतो. या चार संदेशांत पट्टा पूर्ण होतो. मुदतीचा निम्मा काळ उलटला, की यंत्र ज्या सर्व्हरने पट्टा दिला त्याच सर्व्हरकडे थेट नूतनीकरण मागते. उत्तर न आल्यास ते प्रयत्न चालू ठेवते आणि मुदतीचा सात-अष्टमांश भाग संपल्यावर पुन्हा सर्वांस हाक देते. या वेळी कोणताही सर्व्हर उत्तर देऊ शकतो. आठ दिवसांचा पट्टा असेल, तर हे टप्पे अनुक्रमे चौथ्या व सातव्या दिवसाच्या अखेरीस येतात. एकदा दिलेला पट्टा सर्व्हरला व्यवहारात परत मागविता येत नाही. सर्व्हर बंद पडला, तरी यंत्र मुदत संपेपर्यंत आपला पत्ता हक्काने वापरते.

स्थलांतरातील धोका येथेच उद्भवतो. कोरी नोंदवही घेऊन नवा सर्व्हर सुरू केला, तर त्याच्या दृष्टीने सर्व पत्ते रिकामे असतात. एखाद्या मुद्रकाकडे पाच दिवस शिल्लक असलेला पत्ता तो नव्याने आलेल्या दूरध्वनीस देऊ करील. पत्ता देण्यापूर्वी त्यावर कोणी उत्तर देते का, हे अनेक सर्व्हर चाचपून पाहतात. परंतु निद्रिस्त यंत्र किंवा संरक्षक भिंतीआडचा संगणक अशा चाचणीस उत्तर देत नाही. पत्ता घेणारे यंत्रही स्वतः तपास करून तो नाकारू शकते, पण सर्वच यंत्रे इतकी काटेकोर नसतात. दोन यंत्रांचा पत्ता एकच झाला, की संदेश कधी एकाकडे, कधी दुसऱ्याकडे जातात. सेवा पूर्ण बंद पडण्यापेक्षा हा दोष वाईट, कारण तो तुरळक दिसतो व त्याचे मूळ लवकर सापडत नाही.

पूर्वतयारी व क्रम : हे टाळण्यासाठी अनुभवी व्यवस्थापक काही दिवस आधी पट्ट्याची मुदत कमी करतात, उदा. आठ दिवसांऐवजी एक तास. नवी मुदत यंत्रास नूतनीकरणाच्या वेळीच कळते. म्हणून हा बदल जुन्या पट्ट्याच्या पूर्ण मुदतीइतका आधी करावा लागतो. आदल्या रात्री केलेला बदल निरुपयोगी होय. प्रत्यक्ष स्थलांतरात जुनी सेवा प्रथम थांबवितात, मग नोंदी काढून नव्या सर्व्हरवर भरतात आणि त्यानंतरच नवी सेवा सुरू करतात. नोंदी काढल्यावर जुनी सेवा चालू राहिली, तर मधल्या काळात दिलेले पट्टे नव्या नोंदवहीत येत नाहीत. विंडोज सर्व्हर २०१२ पासून या कामासाठी निर्यात व आयात यांच्या स्वतंत्र आज्ञा आहेत. मात्र पट्टेही हवेत असे त्यांना वेगळे सांगावे लागते, एरवी केवळ रचना नेली जाते. घाईत ही गोष्ट सुटण्याचा संभव मोठा.

नव्या सर्व्हरला जुन्याचाच अंकी पत्ता दिला, तर बरीच कामे वाचतात. नूतनीकरणाच्या थेट मागण्या त्याच्याकडेच येतात. शिवाय ज्या उपजालांत सर्व्हर नसतो तेथील हाक पुढे पोहोचविणाऱ्या राउटरांत बदल करावा लागत नाही. पत्ता बदलल्यास अशा प्रत्येक राउटरमध्ये दुरुस्ती करणे आवश्यक असते. एक राउटर राहून गेला, तर तेवढा मजला किंवा तेवढी इमारत सेवेबाहेर पडते, आणि तीही लगेच नव्हे, तर तेथील पट्टे संपत जातील तसतशी. नावांच्या नोंदी ठेवणाऱ्या डीएनएस सेवेतील नोंदी जुन्या सर्व्हरच्या मालकीच्या असल्यास नव्यास त्या बदलता येत नाहीत. तो अधिकारही आधी सोपवावा लागतो.

काही ठिकाणी पत्त्यांचा साठा विभागून जुना व नवा सर्व्हर काही काळ एकत्र चालवितात. पण लहान उपजालात वापरण्याजोगे पत्ते २५४ असतात. त्यांपैकी दोनशे व्यापलेले असल्यास विभागणीस जागा उरत नाही.

भिन्न प्रणालींमधील स्थलांतर : इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम या संस्थेच्या, टेड लेमन यांनी घडविलेल्या डीएचसीपी सर्व्हरची देखभाल २०२२ च्या अखेरीस थांबली, त्याच संस्थेचा ‘कीआ’ हा सर्व्हर त्याच्या जागी आला आहे. जुन्या रचनेचे रूपांतर करणारे साधन संस्थेने दिले आहे; पट्ट्यांची नोंदवही मात्र दोहोंत निराळ्या घडणीची असते. दोन सर्व्हरांनी एकमेकांस साहाय्य करण्याची पद्धतही दोहोंत वेगळी असल्याने त्यांची जोडी लावून सेवा हळूहळू सरकविता येत नाही. येथे मुदत कमी करण्याचा उपाय विशेष महत्त्वाचा ठरतो.

अमर्याद मुदतीचे पट्टे हा स्वतंत्र प्रश्न होय. संहितेत मुदत सेकंदांत ३२ द्विमान अंकांनी लिहितात व ते सर्व अंक १ असल्यास पट्टा अनंत मानला जातो. असे यंत्र नूतनीकरणासाठी येतच नाही. त्यामुळे त्याची नोंद हरवली, तर नव्या सर्व्हरला त्याचा सुगावा लागत नाही. हे पत्ते आधी शोधून राखीव करावे लागतात. आयपी आवृत्ती ६ मध्ये यंत्र सर्व्हरला त्याच्या ओळखचिन्हावरून ओळखते; ते चिन्ह नेले नाही, तर अंकी पत्ता तोच असूनही नवा सर्व्हर परका ठरतो व यंत्रास सर्वांस हाक देण्याच्या टप्प्यापर्यंत थांबावे लागते.

जुना सर्व्हर लगेच पुसून न टाकता सेवा बंद ठेवून काही दिवस जपतात. तो चुकून पुन्हा सुरू होणार नाही याची काळजी घ्यावी लागते. कारण त्या स्थितीत दोन्ही सर्व्हर एकाच साठ्यातील पत्ते वाटू लागतात. नव्या सर्व्हरने काही तास काम केल्यावर जुन्याकडे परतावयाचे ठरले, तर मधल्या काळातील पट्टे त्यास ठाऊक नसतात. त्यामुळे परतीच्या वेळीही नोंदी काढणे, भरणे व सेवा थांबविणे हा सर्व क्रम उलट दिशेने पुन्हा करावा लागतो.