पाण्यातील तोल
पाण्यात पुढे सरकण्यासाठी हातांनी पाणी मागे लोटावे लागते. दोन्ही हातांचे बळ सारखे असेल तर देह सरळ जातो. एक हात उणा असेल तर तो वळू लागतो, आणि पायांच्या गतीने व श्वासाच्या लयीने त्यास आवरावे लागते. बंगळूरच्या शरथ गायकवाड यांचा डावा हात जन्मतःच अपूर्ण. तरीही २०१२ साली ते लंडनच्या पॅरालिंपिक स्पर्धेत उतरले, २०१४ साली इंचॉनच्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धांत त्यांनी ६ पदके मिळविली आणि पुढे ते प्रशिक्षक झाले. यात नवल नाही. अव्यंग देहाला जे अनायासे साधते, ते दुसऱ्यास समजावून देता येतेच असे नाही. ज्याने एकेक हालचाल विचाराने कमावली, त्याच्यापाशी ती सांगण्याची भाषा असते. आणि काठावर भ्यालेल्या मुलास तीच हवी असते.