आठ ट्रॅक, पण तोंडं दोनच : घरच्या गाण्यासाठी रेकॉर्डर निवडताना

(जुन्नर-आंबेगाव भागातल्या भजनी मंडळांतले लोक आणि घरी गाणारे-वाजवणारे यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे. शेवटची काही प्रश्नोत्तरं ठेवली आहेत.)



सुरुवात एका चुकीपासून करतो. चूक माझीच आहे, त्यामुळे कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या भजनी मंडळानं वर्गणी काढली. सप्ताहातली भजनं नीट रेकॉर्ड करून ठेवायची, असं ठरलं. यंत्र आणायचं काम माझ्याकडे आलं. दुकानात खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘८ ट्रॅक’ लिहिलेलं दिसलं. मी बोटांवर मोजलं : पखवाज, पेटी, म्हणणारे बुवा, मागचे टाळकरी. चारच होतात की! आठ म्हणजे भरपूर झाले. घेतलं, घरी आलो, खोकं उघडलं आणि बघतो तर माइकची वायर लावायला तोंडं दोनच.

यंत्रात दोष नव्हता. माहितीपत्रकात सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. शेवटी त्या सप्ताहात यंत्र राहिलं पिशवीत आणि रेकॉर्डिंग झालं फोनवर. आमचे पखवाज वाजवणारे बाबा तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होते. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. आज ते रेकॉर्डिंग लावलं की टाळ ऐकू येतात, टाळांच्या मागे बुवांचा आवाज येतो आणि पखवाज आहे हे आठवणीनं कळतं, कानाला कळत नाही.

म्हणून आज मला एवढंच सांगायचं आहे, की रेकॉर्डर घेताना ट्रॅक मोजू नका, एका वेळी वाजवणारी माणसं मोजा. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

फोननं पखवाज का खाल्ला?

आधी हे समजून घेऊ. फोनचा माइक मुळात बोलण्यासाठी केलेला असतो. पखवाजाच्या धुमेला कणीक लावून जो खर्ज आपण काढतो, तो बोलण्याच्या आवाजाच्या खूप खाली असतो. तो फोनमध्ये आधीच पातळ होतो. दुसरं असं, की फोन आवाजाची पातळी स्वतःच वर-खाली करतो. हळू आवाज आला की वाढवतो, मोठा आला की दाबतो. गजर रंगात आला, दहा टाळ एकदम पडले, की फोन घाबरून सगळंच खाली दाबतो. टाळ मोठेच राहतात, पण पखवाज आणि गळा बुडतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. हे सगळं एकाच फाइलमध्ये कालवलं जातं. वरणात मीठ जास्त पडलं तर ते मागाहून वेचून काढता येत नाही, तसंच इथंही होतं. ‘टाळ जरा कमी कर’ असं त्या फाइलला सांगता येत नाही. यंत्रानं आवाज वेगळे करणारी सॉफ्टवेअर आता आली आहेत, पण जो आवाज मुळात आलाच नाही तो कुठून काढणार?

मल्टिट्रॅक म्हणजे काय, तर प्रत्येक माइकचा आवाज वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा आणि मेळ नंतर घालायचा. उदाहरण आपल्या दारातलंच देतो. खोडदची रेडिओ दुर्बीण तुम्ही पाहिली असेल. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. प्रत्येक तबकडीला आलेला संदेश वेगळ्या वाटेनं, फायबरच्या तारेतून मध्यवर्ती इमारतीत येतो आणि तिथं त्यांचा मेळ घातला जातो. तबकडीपाशीच सगळं कालवून टाकलं असतं, तर एवढ्या तबकड्यांचा उपयोग काय होता?

हे यंत्र कुणासाठी जन्मलं?

मग आठ ट्रॅक आणि तोंडं दोनच, असं कुणी का बनवतं? फसवायला नाही. १९७९ साली जपानच्या टीॲक कंपनीनं टॅस्कॅम या नावाखाली ‘पोर्टास्टुडिओ’ आणला. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक. तो मुख्यतः घरी एकटं बसून गाणं रचणाऱ्या माणसासाठी होता. आधी गिटार वाजवायची, मग ती कानात ऐकत गायचं, मग त्यावर दुसरा आवाज चढवायचा. असे थर लावत जायचं. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचा ‘नेब्रास्का’ हा १९८२चा अल्बम अशाच चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर घरी झालेला. नंतर बँड घेऊन करून पाहिलं, पण शेवटी घरचंच रेकॉर्डिंग बाहेर आलं.

थर लावणाऱ्या माणसाला एका वेळी एक-दोनच तोंडं लागतात, ट्रॅक मात्र भरपूर लागतात. आपली रीत वेगळी. आपण समोरासमोर बसतो. बुवांनी मान हलवली की पखवाजवाला लय चढवतो, टाळकरी त्याच्या हाताकडे बघत असतात. नारायणगाव तर तमाशाचं गाव, विठाबाईंचं गाव. चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या घ्यायला फडांच्या राहुट्या इथंच पडतात. ढोलकी आणि हलगीची जुगलबंदी आज ढोलकी वाजवून आणि उद्या हलगी वाजवून होईल का? सवाल गेला की जबाब त्याच श्वासाला यायला हवा. म्हणजे आपल्याला थरांचं यंत्र नको, एकाच वेळी सगळ्यांना घेणारं यंत्र हवं.

आता मोजू या

माहितीपत्रकात दोन आकडे शोधा : एकूण ट्रॅक किती, आणि एकाच वेळी रेकॉर्ड होणारे किती. दुसरा आकडा आपला.

पहिली तऱ्हा : घरात एकटं गाणारं माणूस. समजा, एखादी मुलगी स्वतः पेटी वाजवून गाते आणि नंतर त्यावर भावाचा तबला चढवायचा आहे. तिला टॅस्कॅम डीपी-००८ईएक्स किंवा झूम आर८ यांसारखं यंत्र पुरतं. आठ ट्रॅक, एका वेळी दोन. मंडळासाठी मी जी चूक केली, तीच गोष्ट हिच्यासाठी बरोबर निवड ठरते.

दुसरी तऱ्हा : चार ते सहा आवाज, म्हणजे आपली बहुतेक भजनी मंडळं आणि जागरण-गोंधळाचे संच. इथं झूम एच६ सारखा हातात मावणारा रेकॉर्डर बघा. चार माइक वायरीनं लागतात, शिवाय वरच्या टोकाला स्वतःचे दोन माइक, असे सहा ट्रॅक एकदम. पखवाज, पेटी, बुवा आणि झील धरणारे यांना चार माइक द्या. वरच्या जोडीत टाळ आणि मंडपाचा घुमारा आपोआप येतो. टाळांना वेगळा माइक देऊच नका, ते सगळ्यांच्या माइकमध्ये न बोलावता येतातच.

तिसरी तऱ्हा : पूर्ण फड किंवा बँड. आठ माइक लागतात. झूम आर१६ मध्ये एका वेळी आठ आणि एकूण सोळा ट्रॅक, टॅस्कॅम डीपी-२४एसडी मध्ये एका वेळी आठ आणि एकूण चोवीस. दुसरं यंत्र सेलवर चालत नाही, त्याला वीज लागते. देवळाच्या आवारात हा फरक फार मोठा होतो.

बारीक अक्षरातल्या चार गोष्टी

एक, फँटम पॉवर. कंडेन्सर जातीच्या माइकला रेकॉर्डरकडून ४८ व्होल्ट लागतात. ते सगळ्या तोंडांवर मिळतात की काहींवरच, हे विचारा. आर१६ वर आठांपैकी दोनच तोंडांना मिळतात. साउंडवाल्याकडे असतात तसे डायनॅमिक माइक वापरणार असाल तर ही अडचण येत नाही, आणि गोंगाटात तेच बरे पडतात.

दोन, वीज. आपल्याकडे विजेचा भरवसा किती, हे मी सांगायला नको. पेन्सिल सेलवर चालणारं यंत्र घ्या, आणि पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलचे दोन संच ठेवा. फँटम चालू केली की सेल भराभर उतरतात. इन्व्हर्टरवर लावलं तर पुष्कळदा आवाजात गुणगुण येते. सेलवर ती येत नाही.

तीन, पातळी. कुणी हळू गात असताना काटा वरपर्यंत नेऊ नका. सगळ्यात मोठा गजर करून घ्या आणि तेव्हा काटा वजा १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर एवढी जागा सोडून काही बिघडत नाही. नव्या काही यंत्रांत ३२ बिट फ्लोट ही सोय असते, उदाहरणार्थ २०२४ साली आलेलं एच६ इसेन्शियल. तिच्यात पातळी चुकली तरी नंतर सावरता येते. मात्र माइकच फाटला असेल तर ती सोयही काही करू शकत नाही.

चार, कार्ड. हिशेब सोपा आहे. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८ एमबी लागतात. सहा ट्रॅकना ४८, म्हणजे तासाला तीन जीबीच्या आत. ३२ जीबीच्या कार्डात दहा-अकरा तास मावतात. रात्रभराचं जागरण सहज बसतं.

माइक कुठं ठेवायचा

यंत्र कितीही चांगलं असू द्या, पाच माइक एकाच कोंडाळ्यात ठेवले तर पाच ट्रॅकवर एकच गोंधळ येतो. इथं एक जुना नियम उपयोगी पडतो. वाद्यापासून माइक जितका लांब, त्याच्या तिप्पट तरी लांब दुसरा माइक हवा. पखवाजापासून माइक एक वीत असेल, तर शेजारचा माइक त्या माइकपासून तीन विती तरी दूर. म्हणून माइक जवळ आणा आणि माणसं थोडी पांगवा. पण इतकी नको, की एकमेकांची नजर तुटेल. नजर तुटली की भजन तुटतं.

टाळकऱ्यांना दोन हात मागे बसवा. यात त्यांचा अपमान नाही. १९२५ च्या आधी, विजेचे माइक नव्हते तेव्हा, सगळे एका कर्ण्यापुढे बसून रेकॉर्ड करत. मोठ्या आवाजाचं वाद्य मागे, गाणारा पुढे, एवढाच त्यांचा मिक्सर होता.

पत्र्याच्या शेडपेक्षा मातीच्या भिंतींची जुनी खोली बरी. तीही नसेल तर गोधड्या टांगा. फोन रेकॉर्डरजवळ ठेवू नका, त्याची टिकटिक आवाजात उतरते. आणि पैशाचं म्हणाल, तर सगळे पैसे यंत्रात घालू नका. निम्मे माइक, स्टँड आणि चांगल्या वायरींसाठी ठेवा. ऐन वेळी दगा देते ती बहुधा वायर.

श्रोत्यांचे प्रश्न

*साउंडवाला मिक्सरवरून पेनड्राइव्हमध्ये देतो, ते चालत नाही का?*

चालतं, पण ते दोन ट्रॅकचं कालवलेलंच असतं. शिवाय त्यानं मेळ घातलेला असतो मंडपासाठी. पखवाज आणि ढोलकी मुळातच मोठी वाजतात, म्हणून स्पीकरमध्ये तो त्यांना कमी सोडतो. समोर बसलेल्यांना सगळं बरोबर ऐकू येतं. पेनड्राइव्हमध्ये मात्र ढोलकी दूर कुठंतरी वाजल्यासारखी वाटते.

*घरी लॅपटॉप आहे. मग नुसता ऑडिओ इंटरफेस घेतला तर?*

घरच्या घरी गाणाऱ्यानं जरूर घ्यावा, पुढचं कामही सोपं होतं. पण तिथंही तोंडं मोजा, नियम तोच. देवळात, जत्रेत, शेतावरच्या जागरणात लॅपटॉप, त्याचा पंखा, चार्जर आणि वायरी सांभाळत बसायचं असेल, तर वेगळा रेकॉर्डर बरा.

*दुसऱ्या कलाकाराला रेकॉर्ड केलं तर ते आपलं होतं का?*

यंत्र तुमचं, कला त्यांची. कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्या कलाकाराला स्वतःचा हक्क दिलेला आहे, आणि तो ५० वर्षं राहतो. आधी विचारा, कशासाठी करतोय ते सांगा, एक प्रत त्यांच्या घरी द्या. लोकांसमोर टाकायचं असेल तर पुन्हा विचारा.

*वेगवेगळ्या ट्रॅकचा मेळ घालायला आम्हाला येत नाही. मग एवढा खटाटोप कशाला?*

आज येत नसेल तर राहू द्या. वेगळे ठेवलेले ट्रॅक दहा वर्षांनी कुणीही जुळवू शकेल. कालवलेलं मात्र कुणालाच सोडवता येत नाही.

आणि दुसरा फायदा सांगतो, जो मला नंतर कळला. आमच्या मंडळानं पुढं सहा ट्रॅकचं यंत्र घेतलं. आता जे पखवाज वाजवतात, त्यांचा ट्रॅक वेगळा आहे. शिकणारी पोरं तो एकटाच लावून ऐकतात. हात कुठं पडला, बोट कुठं उचललं, सगळं कळतं. मग तो ट्रॅक बंद करायचा, बाकीचं भजन चालू ठेवायचं आणि त्या रिकाम्या जागी स्वतः वाजवायचं. आमच्या गेलेल्या बाबांचा नातू असाच शिकतोय. आजोबांचा हात त्याला असा ऐकायला मिळाला असता, पण मी खोक्यावरचा चुकीचा आकडा वाचला.

तुम्ही बरोबरचा वाचा. आणि रेकॉर्डिंग झालं की कार्ड कपाटात टाकू नका, त्याच रात्री दोन ठिकाणी प्रत करून ठेवा.